वाखाने गाळलेले पाणी

आमच्या ओहोळाला कोणत्या दिवशी कोणता रंग येणार हे गावात सगळ्यांत आधी मला माहीत असायचं, कारण तो रंग मीच कालवलेला असायचा. भिवंडीच्या वेशीवर केसरीनाथशेठचं डाइंग होतं. पॉवरलूमवाल्यांचं सूत आमच्याकडे पांढरं यायचं आणि रंगून जायचं. कढईतलं उरलेलं पाणी शेडमागच्या चरातून ओहोळात सोडलेलं, आणि ओहोळ पाऊण कोसावर आमच्या गावात. लुंग्यांचं काम असलं की निळं पाणी, साड्यांचं असलं की लाल. मी ड्युटी संपवून घरी पोचायच्या आत माझा रंग गावात पोचलेला असायचा.

शेठ बाहेरचा असता तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो आमच्याच बाजूचा, खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. बापाच्या भातखाचरांवर त्यानं शेड उभी केली आणि आमच्या गावची अकरा माणसं कामाला घेतली. अकरा चुली त्याच्यावर पेटायच्या, त्यामुळे अकरा घरं त्याच्याविरुद्ध बोलायची नाहीत. हा हिशोब त्याला शाळेत कुणी न शिकवता येत होता.

माझा थोरला भाऊ राघो त्या अकरांत नव्हता. बापाची जमीन तो कसायचा. पावसात भात, नंतर ओहोळाच्या काठाला वांगी आणि दुधी. त्याच्याकडे एक बैलजोडी होती, पवळ्या आणि मोरा, वासरं असल्यापासून त्यानंच वाढवलेली. ओहोळाला रंग यायला लागला तेव्हा पहिल्या वर्षी त्याचा राब, म्हणजे लावणीसाठी पेरलेली भाताची रोपं, पिवळा पडला. दुसऱ्या वर्षी बैलांनी ओहोळाला तोंड लावायचं सोडलं. वास घ्यायचे, फुरफुरायचे आणि मागे सरायचे. मग राघो दोन्ही वेळा त्यांना देवळामागच्या विहिरीवर न्यायचा आणि पोहऱ्यानं पाणी शेंदून पाजायचा. दोन बैलांचं पाणी शेंदणं म्हणजे काय, ते शेंदणाऱ्याच्या खांद्याला विचारावं.

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता यायचा, ओट्यावर बसायचा, भाताचं, पावसाचं बोलायचा. माझी बायको गोदू तांब्या पुढे करायची तेव्हा म्हणायचा, ‘तहान न्हाय.’ ऐन वैशाखात, शेतातून घामानं भिजून आलेला माणूस, आणि तहान नाही. सहा वर्षं त्यानं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. मला दुसरं काही नको होतं. त्या ओहोळाचं पाणी परत त्याच्या बैलांनी प्यावं आणि माझ्या घरचं त्यानं, एवढ्यासाठी मी पुढचं सगळं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं असतं हे मला तेव्हा कळायचं होतं.

पंचाहत्तर साली गावानं सरकारकडे अर्ज केला. आणीबाणीचे दिवस, मोर्चा काढायची सोय नव्हती, म्हणून अर्ज. एक साहेब आले, ओहोळाच्या पाण्याची बाटली भरून घेऊन गेले, आणि महिन्याभरानं शेठला नोटीस आली, सहा महिन्यांत पाणी शुद्ध करून सोडा नाहीतर कारखाना बंद करा. शेठनं आम्हा अकराजणांना बोलावून ती वाचून दाखवली. वाचताना त्याचा आवाज अगदी मऊ होता.

“बंद करतो,” तो म्हणाला. “मना काय, माझी जमीन हाय. तुमच्या गावाला सांगा, अर्ज पावला.”

त्याच कार्तिकात ठकुआत्या माझ्या दारात येऊन उभी राहिली. ठकुआत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. गावातले सगळे दोर तिच्या हातचे, दाव्यापासून पाळण्याच्या दोरीपर्यंत. बांधावरची अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून ओहोळात दगडांखाली दाबायच्या, साल कुजली की झोडपून धागा काढायचा. तो धागा म्हणजे वाख. आम्ही वाख कधी टाकत नाही. जुना दोर तुटला तरी उसवून त्याची सुंभं वळतात, सुंभं झिजली की भांडी घासायला घेतात. आमच्याकडे वाख टाकणाऱ्या बाईला सासू दारात उभी करायची नाही.

आत्यानं एक मोठा झुपका माझ्या अंगावर फेकला. गडद लाल.

“ह्यो बघ तुजा परताप,” ती म्हणाली. “चार दिस धुतंय, रंग जात न्हाय. लगीनघरात बांधू काय याची दावी?”

मी झुपका हातात घेतला, पिळला, हौदात खळबळला. पाणी पांढरंच राहिलं. सात वर्षं रंगात हात घालणारा माणूस मी. रंग कुठे बसतो आणि कुठून सुटतो एवढं मला कळायचं. या वाखानं रंग नुसता लावून घेतला नव्हता, पोटात घेतला होता.

“आत्या, पेंढ्या दाबल्या व्हत्या तिथं खालच्या अंगाला पानी कसं व्हतं?”

“निवळ व्हतं,” ती चिडून म्हणाली. “माज्या अंबाडीनं पिलं ना समदं.”

ती शिव्या देत निघून गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. मला इतका आनंद झाला होता की गोदूला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढचे चार महिने मी ड्युटी संपल्यावर शेडमागे तीन पिंपं मांडून खेळत होतो. आधी नुसता वाख भरला, तो दोन दिवसांत कुजून घाण सुटली. मग चुन्याच्या पाण्यात उकळून, झोडपून, विंचरून भरला. खाली नारळाची सोडणं ठेचून, वर काथ्या, त्यावर वाख. आमच्या कढईवरचा, उत्तरेतल्या बलियाहून आलेला कारागीर येता-जाता हसायचा, “क्या नवशा, दारू छान रहा है क्या?” मी त्याला हसू दिलं. फाल्गुनात एके दिवशी लाल पाणी वर ओतलं आणि तिसऱ्या पिंपाच्या तोटीतून जे बाहेर आलं ते ओंजळीत धरलं तर हाताच्या रेषा दिसत होत्या. त्या हाताला भोकंही होती. आमच्याकडे रंग पक्का करायला नारंगी खडे कढईत घालायचे. त्यांच्या पाण्यानं बोटांना जखमा होतात, आणि त्या आतून पोखरत जाऊन भोक पडतं. सगळ्या रंगाऱ्यांना होती. सुट्टीला आम्ही अकलोलीच्या गरम कुंडात हात बुडवून बसायचो, बरं वाटायचं, सोमवारी परत तेच. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण ते खडे काय करतात हे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता यायचं नाही.

शेठला मी पाण्याचा पेला नेऊन दाखवला. त्यानं तो उजेडात धरला, वास घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला की याला यंत्र लागतं का. नाही म्हटल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. तीन पक्क्या टाक्या झाल्या. वाख, सोडणं, काथ्या गावातूनच यायचं, बायकांना काम मिळालं. चैत्रात नोटिशीवाले साहेब परत आले. त्यांनी शेवटच्या टाकीतून बाटली भरली, माझं नाव विचारलं, आणि शेठच्या पाठीवर थाप मारली.

पण मला त्या थापेचं काही नव्हतं. मी गावात गेलो, राघोला हाताला धरून ओहोळावर नेलं. पाणी पांढरं वाहत होतं, तळचे गोटे दिसत होते. राघो कितीतरी वेळ उभा राहिला. मग बैल सोडून घेऊन आला. पवळ्यानं वास घेतला, मान वर केली, परत खाली घातली आणि प्यायला लागला. मोरा त्याच्या शेजारी. राघो बसला, ओंजळ भरून त्यानंही तोंड लावलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर गोदूनं तांब्या पुढे केला आणि त्यानं तो रिकामा करून परत मागितला.

“खारट लागतं रे जरा,” तो ओहोळाच्या पाण्याबद्दल म्हणाला.

“मिठाच्या गोणी ओततात कढईत, रंग चढावा म्हणून,” मी म्हणालो. “मीठच हाय, दादा.”

तेव्हापासून राघो कुणालाही थांबवून सांगायचा की हे माझ्या भावानं केलंय. जो माणूस सहा वर्षं गावात माझं नाव काढत नव्हता तो राहनाळच्या बाजारात अनोळखी लोकांना माझं नाव सांगायचा. मी थोडा फुगलो. फुगणारच. माझ्या जागी कुणीही फुगला असता.

रंग पिऊन भरलेला वाख पंधरा दिवसांनी बदलावा लागायचा. तो काढून खड्ड्यात पुरायला हवा असं मी शेठला सांगितलं. तो म्हणाला, “शेडमागं टाक, बघू नंतर.” मी आणखी एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण तोवर साहेबांची थाप शेठवरून माझ्यावरही उतरली होती. माझा पगार वाढला होता आणि मला टाक्यांचा मुकादम केलं होतं. शेडमागे ढीग वाढत गेला. लाल, निळा, पिवळा, हिरवा वाख, उन्हात वाळलेला, चांगला चिवट.

आश्विनात ठकुआत्या वाख पोचवायला डाइंगवर आली आणि तो ढीग बघून जागच्या जागी थांबली.

“ह्यो टाकला तुमी?” तिनं विचारलं, घरातला तांदूळ कुणी उकिरड्यावर ओतला असावा तसं.

“कामातून गेला तो.”

“कामातून कसा गेला? धागा शाबूत हाय की.” तिनं एक झुपका ताणून बघितला. “दिवाळी आली. पाडव्याला बैलांना नवी दावी नकोत? बाजारातनं रंगीत गोंडे आणतात लोकं, हितं तर ढीग पडलाय.”

आमच्याकडे पाडव्याला बैलांना आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, जुनं दावं काढून नवं बांधतात, आणि पेटत्या पेंढ्यावरून त्यांना उडी मारायला लावतात. त्या दिवशी बैलाच्या गळ्यात जुना दोर दिसला तर मालकाची लाज जाते. आत्यानं भारा बांधला. मी काय करायला हवं होतं हे आज सगळ्यांना सांगता येतं. मी भारा तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

“ने आत्या,” मी म्हणालो, “रंग पक्का हाय. पाच वर्सं जायचा न्हाय.”

तिनं गावभर दोर वळून दिले. पाडव्याला आमच्या गावचे बैल असे नटले होते की शेजारच्या गावांतून लोक बघायला आले. सगळ्यांत जास्त दोर राघोनं घेतले. गळ्यात दुहेरी दावं, वेसणीला वेगळं, कपाळावर पिवळे-लाल गोंडे. ‘भावाच्या टाकीतला वाख’, हे तो कौतुकानं सांगत होता. बैल पेंढ्यावरून उडाले, गावानं आरोळी दिली, आणि मी ढोलामागे नाचलो.

कढईतलं मीठ त्या वाखात मुरलेलं होतं. बैलाला मिठाची आवड असते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. गोठ्यात बांधलेले बैल रात्रंदिवस तो दोर चाटत राहिले, चघळत राहिले. राघोला ते दिसलं, आणि त्याला वाटलं, खाऊ देत, नवा वाख गोड लागत असेल. पाचव्या दिवशी पवळ्यानं वैरण सोडली. तोंडात फोड, जिभेला चिरा. शेणात रक्त पडायला लागलं. गावात आणखी सात-आठ गुरांच्या तोंडाला तसंच झालं, पण त्यांच्या गळ्यात एकेकच दोर होता, ती वाचली. तालुक्याचा गुरांचा डॉक्टर येईपर्यंत पवळ्या गेला होता. मोरा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, राघोच्या मांडीवर मान ठेवून. एवढ्या मोठ्या जनावराची मान मांडीवर पेलत नाही, पण त्यानं ती खाली ठेवली नाही.

डॉक्टरनं पोट फाडलं. आत बोटभर लांबीच्या रंगीत धाग्यांचा गोळा निघाला. मी तो पाहिला आणि खड्यांनी पोखरलेली माझी बोटं पाहिली. कुणी मला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

पंचनाम्याला सरकारचे तेच साहेब आले, आणि त्यांच्या गाडीतून शेठ उतरला. राघोच्या अंगणात खाट टाकली. साहेबांनी विचारलं, हा दोर कुठून आला. ठकुआत्या कोपऱ्यात उभी होती. चार दिवसांत ती म्हातारी झाली होती.

शेठ त्या मऊ आवाजात म्हणाला, “आमच्या आवारातला माल न विचारता कुणी उचलला असंल, तर साहेब, ती चोरी व्हते.”

मी पुढे झालो.

“चोरी न्हाय. मी दिला. माझ्या हातानं भारा चढवला.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. शेठनं माझ्याकडे बघितलं, जरा कीव केल्यासारखं. मग मी साहेबांना म्हणालो, “आता पुढचं बी लिहा. दोरात विष आलं कुठनं? वाखानं ते पान्यातनंच उचललं ना? टाक्या नव्हत्या तेव्हा हे समदं विष कुठं जात व्हतं? आमच्या शेतात आन् आमच्या गुरांच्या पोटात जात व्हतं. दोन बैल मारण्याएवढं विष एका भाऱ्यात सापडलं, तर सात वर्सांत किती वाहिलं, ते लिहा.”

“पंचनामा बैलांचा आहे,” साहेब म्हणाले.

“पान्याचाच हाय तो.”

“पाण्याचा नमुना स्वच्छ आलेला आहे. तो कागद माझ्याकडे आहे.”

“स्वच्छ कशानं आला, साहेब?”

“ते वेगळं प्रकरण आहे,” असं म्हणून त्यांनी खाली बघून लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. मृत्यू रंगीत वाख खाल्ल्याने. वाख डाइंगच्या कामगाराने दिला. सदर वाखाचा वापर गुरांना घातक असल्याने तो टाक्यांमधून तात्काळ बंद करावा. कारखान्याचे पाणी समाधानकारक असल्याने त्याबाबत तक्रार उरत नाही. सदर मजकूर ऐकून मला हसू फुटेल की काय असं वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं, पण इथं संन्याशाला सुळी देऊन चोराला चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही दिला होता.

“साहेब म्हणतील तसं,” शेठ म्हणाला. त्याचा तर सुंठीवाचून खोकला गेला. वाख आणायला नको, टाक्या उपसायला नकोत, आणि पाणी समाधानकारक असल्याचा सरकारी कागद खिशात.

मी राघोकडे बघितलं. तो तरी बोलेल असं मला वाटलं होतं. त्याच्यापुढे शाईचा डबा आला, त्यानं अंगठा भिजवला आणि साहेबांनी दाखवलं तिथं उठवला. मग सगळे उठले. बैलांना खळ्यामागे पुरलं होतं तिकडे एकदा नजर टाकून साहेब गाडीत बसले.

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. राघो रिकाम्या गव्हाणीला टेकून बसला होता.

“दादा,” मी म्हणालो, “आंगठा कशाला दिलास? मी ठाण्याला जातो. वरच्या साहेबाला समदं सांगतो. टाक्या बंद झाल्या तर परत तेच पानी येनार.”

त्यानं गव्हाणीच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, “येऊ दे.”

“येऊ दे?”

“पानी लाल व्हतं तवा बैल त्याला तोंड लावत न्हवते, नवशा. मी बी लावत न्हवतो. मी शेंदून शेंदून मेलो, पर ते जगले.” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. “तू त्यातला रंग काढलास. मंग आमी समद्यांनी इसवास ठेवला. तुज्यावर बी, तुज्या वाखावर बी.”

मी ठाण्याला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी शेठनं टाक्या फोडायला सांगितल्या. फोडणाऱ्यांत मी होतो, ड्युटी होती. दुपारी चर मोकळा केला, साड्यांचं मोठं काम चाललं होतं, पाणी भडक लाल सुटलं. घरी निघालो तेव्हा वाटलं, आज गाव आपल्याला दगड मारणार, आणि मी मनाशी म्हटलं, मारू देत.

ओहोळावर बरंच गाव जमलं होतं. बायका हंडे घेऊन, पुरुष नुसतेच. लाल पाणी गोट्यांवरून पसरत चाललं होतं. मी जाऊन उभा राहिलो. कुणी शिवी दिली नाही. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. ठकुआत्या काठावर बसली होती. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “बरं झालं बाई. आता दिसतं तरी.” शेजारच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. राघोनं गोठ्यात उरलेली एकुलती वासरी मागे ओढली आणि विहिरीच्या वाटेला लागला. बाकीचेही एकेक करून त्याच्यामागून निघाले, हंडे रिकामेच घेऊन, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर मला चक्क सुटका झाल्याचं समाधान दिसलं.